माझ्या माहेरच्या किनाऱ्यावर काय पाहाल, काय खाल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वाढदिवस. अशा दिवशी व्यासपीठावर उभे राहून बोलायचे हे शिकलेल्या बायकांचे काम. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सहलीसाठी तुम्ही तुमच्या माहेरचे नाव सुचवले आहे, तर तिथे काय आहे ते चार शब्दांत सगळ्यांना सांगा." बोलता बोलता काही राहून जाईल म्हणून मी लिहूनच आणले आहे. वाचून दाखवते. गोड मानून घ्या.

मागच्या बैठकीत सहलीची तीन-चार नावे निघाली. मी तळाशील म्हटले, तेव्हा एक-दोघींनी विचारले, "तिथे पाहायला आहे तरी काय? वाळू आणि मासळी!" हा प्रश्न मला मुळीच लागला नाही. प्रश्न रास्त आहे. वर्षातून एकदा घरची चूल सोडून आपण बाहेर पडणार, पदरचे पैसे घालणार, तर त्याचे चीज व्हायला हवे. तळाशीलला मोठी बाग नाही, राजवाडा नाही, रोषणाई नाही. संध्याकाळी सात वाजले की वाळूवर लाटांशिवाय आवाज नसतो. ज्यांना बाजार हवा, त्यांना तिथे करमणार नाही हे मी आधीच सांगते. पण तिथे एक गोष्ट आहे. माणसे काय काम करतात आणि त्या कामातून ताटात काय येते, हे तिथे एकाच दिवसात डोळ्यांसमोर पाहायला मिळते. मला वाटते, आपल्यासारख्या घरकाम करणाऱ्या बायकांना ते बागेपेक्षा जास्त आवडेल.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुका. आपण कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून कणकवलीवरून जायचे. पहाटे निघालो तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. मालवण-आचरा रस्त्यावरून तोंडवळीकडे वळले की सुरूचे बन लागते, आणि त्याच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी सुरू होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. हिला आमच्याकडे कालावलची खाडी म्हणतात. मधल्या पट्टीवर माड, घरे आणि वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. काही ठिकाणी तर मागच्या दारी उभे राहिले की खाडी दिसते आणि पुढच्या दारी आले की समुद्र. पट्टीच्या टोकाला खाडी समुद्राला मिळते. पलीकडे रेवंडी आणि सर्जेकोट. मी शाळेत असताना त्या टोकाला बसून पलीकडचे दिवे मोजत असे.

आता तिथे पाहायचे काय, तर सगळ्यांत आधी रापण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे फार मोठे जाळे. हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. गावातले पुष्कळ जण मिळून रापणीचा संघ करतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाणती माणसे पाण्याचा रंग बघतात, पक्षी कुठे घिरट्या घालतात ते बघतात, आणि मासळीचा थवा जवळ आला आहे असे दिसले की होडी पाण्यात लोटतात. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती असतो. होडी जाळे सोडत सोडत अर्धगोल वळसा घेते आणि दुसरा दोर दूरवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात आणि ओढायला सुरुवात होते. तास-दीड तास हे चालते. कमरेला जोर देऊन, एक पाय मागे टाकत, सगळ्यांनी एका तालात ओढायचे. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याचे पोट वाळूवर येते.

त्या वेळी जी धावपळ होते ती बघण्यासारखी असते. बायका टोपल्या घेऊन आधीच बसलेल्या असतात. कधी जाळे भरून चांदीसारखे पेडवे आणि तारल्या येतात, कधी बांगडा लागतो, कधी सगळा शेवाळाचा आणि कचऱ्याचा पसारा निघतो आणि माणसे मुकाट्याने जाळे झटकू लागतात. तुम्ही जाल तेव्हा रापण लागेलच असे मी सांगत नाही. लागली तर मात्र नुसते उभे राहू नका. दोराला हात लावा. दोर ओढणाऱ्याला चार मासे हातावर ठेवल्याशिवाय आमच्याकडे परत पाठवत नाहीत. माझी मुले लहान असताना आजोळी गेली की एवढ्यासाठी भल्या पहाटे उठून किनाऱ्यावर पळायची, आणि इथे शाळेसाठी त्यांना उठवता उठवता माझ्या नाकी नऊ यायचे.

दुसरी पाहायची गोष्ट खाडीकडची. समुद्राचे काम पुरुषांचे, पण खाडीचे काम बायकांचे. ओहोटीला, आमच्या बोलीत सुकतीला, पाणी मागे गेले की बायका खाडीत उतरतात. वाळूमिश्रित चिखलात तिसऱ्या आणि मुळे असतात. ते पायाला लागतात आणि हाताने उकरून काढायचे. खडकाला चिकटलेली कालवे असतात. ती लहान लोखंडी कोयतीने फोडून आतला गर तेवढा काढून घ्यायचा. गुडघाभर पाण्यात वाकून दोन-तीन तास काम केले की कुठे एका घरापुरता गर जमतो. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. माझ्या आईच्या बोटांवर त्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या, आणि त्या मी लहानपणी मोजल्या आहेत. तेव्हा हौस म्हणून खडकावर अनवाणी चढायचे नाही, हे आताच सांगून ठेवते.

ओहोटी कधी हे कसे कळायचे? आपल्याला पंचांग पाहायची सवय आहेच. आमच्याकडचा जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करायची आणि जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. थोडे मागेपुढे होते, पण फार चुकत नाही. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे पाणी असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी खूप आत जाते. म्हणून सहलीचा दिवस पौर्णिमेच्या जवळपास धरावा असे माझे मत आहे. सकाळी भरती बघायला मिळेल, संध्याकाळी पाचच्या सुमाराला बायका खाडीत उतरलेल्या दिसतील, आणि रात्री चांदणे. फक्त तो दिवस सोमवार नसावा, कारण पुष्कळ घरांत सोमवारी मासळी शिजत नाही.

आता खायचे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात उभे राहून माशाचे कौतुक करणे धाडसाचेच आहे. मी नवी सून म्हणून इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे सगळ्यालाच कसे गं खोबरे लागते?" आणि मला वाटायचे, इथे सगळ्यालाच कसा मसाला लागतो! पुढे दोघींनी एकमेकींचे शिकून घेतले. आता आमच्या घरी मटण सासूबाईंच्या पद्धतीचे आणि मासे माझ्या आईच्या पद्धतीचे. भांडण मिटले.

आईची पद्धत एका वाक्याची होती. ती म्हणायची, "गो बाय, मासो ताजो आसलो तर मसालो कमीच घालूचो. मसालो मासो झाकता." म्हणजे ताज्या माशाला मसाला कमी, कारण मसाल्याने मासा झाकून जातो. इथे आपल्याला बर्फातला मासा मिळतो म्हणून आपण त्याला आले-लसूण चोपडून तळतो. तिथे वाळूवरून थेट चुलीवर आलेला बांगडा असतो, त्याला एवढे काही करावे लागत नाही.

बांगड्याचे तिखले मी सांगते, घरी करून बघा. सहा मध्यम बांगडे साफ करून, दोन-दोन तुकडे करून मीठ लावून ठेवायचे. वाटीभर ओले खोबरे, आठ-दहा बेडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि थोडी हळद हे पाट्यावर किंवा मिक्सरवर बारीक वाटायचे. वाटण फार पातळ करायचे नाही. पसरट भांड्यात वाटण, चार-पाच कोकमे आणि बेताचे पाणी घालून उकळी आणायची, मग बांगडे सोडायचे. सात-आठ तिरफळे आतले काळे बी काढून, नुसती टरफले जराशी चेचून वर घालायची. ते बी कडू असते, चुकून राहिले तर सगळी कढई वाया जाते. आणि पळी घालायची नाही. भांडे फडक्याने दोन्ही हातांत धरून हलवायचे, म्हणजे मासा मोडत नाही. दहा मिनिटांत होते. वर चमचाभर कच्चे खोबरेल घातले की झाले. फोडणी नाही, कांदा नाही. तिरफळ बांगडा, तारली अशा तेलकट माशांना घालतात. कोळंबीला, म्हणजे आमच्या सुंगटांना, ते घालत नाहीत.

तारल्या आणि पेडवे हे लहान मासे. त्यांना काटे बारीक आणि पुष्कळ, म्हणून घाटावरच्या बायका भितात. पण ते चुलीवर मंद आचेवर हळदीच्या किंवा केळीच्या पानात भाजले की काटा आपोआप सुटतो. लेपा आणि मुडदुशी तांदळाच्या पिठात घोळवून तळतात. मुडदुशीचे मांस इतके मऊ आणि गोडसर, की लहान मुलांना आणि बाळंतिणींना ती मुद्दाम देतात. तिसऱ्यांचे सुके, कालवांची आमटी, खाडीतल्या कुर्ल्यांचा रस्सा हे त्या त्या दिवशी काय मिळाले त्यावर. तिसऱ्या उकडल्यावर ज्यांचे तोंड उघडत नाही त्या टाकून द्यायच्या, हा नियम घरीही पाळा.

याच्या जोडीला उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा चमचाभर लोणचे. आपल्याला सकाळी पोहे लागतात, पण एक दिवस पेज पिऊन बघा. दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि उन्हाचा त्रास होत नाही.

आपल्यात मासे न खाणाऱ्या निम्म्या आहेत, हे मी विसरलेले नाही. त्यांचे पान माझ्या मते जास्तच सजेल. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळ्या, घावणे आणि नारळाची चटणी, केळफुलाची किंवा फणसाची भाजी. फेब्रुवारीच्या पुढे ओल्या काजूगरांची उसळ. गोडात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया आणि त्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. किंवा त्याच रसात बुडवलेली खापरोळी. फक्त किती जणी मासे खाणार नाहीत हे दोन दिवस आधी कळवावे लागते आणि त्यांची भांडी वेगळी हवीत का तेही सांगावे लागते. त्यात कोणाला राग नाही.

हातात दुसरा दिवस असेल तर मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ला पाहून येता येईल. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या कामाला सुरुवात केली. भर समुद्रात असूनही आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. आत महाराजांचे देऊळ आहे, ते राजाराम महाराजांनी बांधले. थंडीत गेलो आणि जवळपास कुठे जत्रा असली तर रात्री दशावतारी नाटक पाहायला मिळेल. बायकांची सोंगे पुरुष घेतात, आणि नऊवारी अशी नेसतात की आपण बघत राहावे. येताना मालवणचे खाजे आणावे.

इथपर्यंत सगळे सुखाचे सांगितले. आता ज्या कारणासाठी मी हे नाव सुचवले ते सांगते.

माझी वहिनी दोन खोल्या ठेवून पाहुण्यांना जेवण देते. तिने हे हौसेने सुरू केलेले नाही. माझा भाऊ रापणीवर जातो. पूर्वी त्या वाट्यात घर चालत होते, आता चालत नाही. बाहेर मोठ्या यांत्रिक होड्या पर्ससीनची जाळी टाकतात आणि बांगड्या-तारल्यांचा अख्खा थवा तिथेच उचलला जातो, किनाऱ्यापर्यंत येतच नाही. रात्री पाण्यावर मोठमोठे दिवे लावून मासळी गोळा करायचीही पद्धत निघाली. त्यावरून आमच्या किनाऱ्याला भांडणे झाली, मोर्चे निघाले. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर मर्यादा घातल्या, २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. कायदे झाले. पण भावाच्या वाट्याला येणारी टोपली पूर्वीइतकी भरत नाही.

म्हणून वहिनीने जेवणाचे सुरू केले. पाहुणे येऊ लागले. पण बहुतेक पाहुण्यांना काय हवे असते? सुरमई आणि पापलेट. एकदा मी तिथे असताना बारा जणांचा एक जथा आला. त्या दिवशी पहाटे रापणीला छान सौंदाळे आणि मुडदुशा लागल्या होत्या. वहिनीने त्याच घेऊन ठेवल्या होत्या. त्या मंडळींनी नाके मुरडली. "आम्ही काय हे बारके मासे खायला एवढ्या लांब आलो?" भाऊ मोटारसायकल काढून मालवणच्या लिलावात गेला, चढ्या भावाने सुरमई घेऊन आला. वहिनीने दुपारभर राबून जेवण घातले. रात्री तिने हिशोब मांडला तेव्हा तेल, गॅस आणि मासळीचे पैसे जाऊन तिच्या हाती जवळजवळ काही उरले नव्हते. आणि घरातल्या मुडदुशा शेजारी वाटाव्या लागल्या. ती मला म्हणाली, "ताई, पावण्यांनी दर्यान दिल्यान ता खाल्ल्यानी तर आमचा घर चलता. नसलेला मागल्यानी तर तुमचे पैशे आमच्या हातान मालवणाक जातत."

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण पर्यटनाला गेलो की गावाला पैसा मिळतो असे सगळे म्हणतात. पण तो पैसा कोणाच्या हातात पडतो हे आपण ताटात काय मागतो यावर ठरते. त्या दिवशीचा, त्या किनाऱ्याचा मासा खाल्ला तर पैसा दोर ओढणाऱ्याच्या आणि खाडीत वाकणाऱ्या बाईच्या घरी राहतो. पापलेटसाठी हट्ट धरला तर तो त्या घरावरून पुढे निघून जातो. शिवाय ज्याला आमच्याकडे सरंगा म्हणतात, त्या पापलेटाला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, तो का? तर तो कमी होत चालला आहे, त्याची पिल्लेच जाळ्यात येतात, म्हणून त्याला जपावे यासाठी. मान द्यायचा आणि ताटात त्याचाच हट्ट धरायचा, हे बरे नव्हे.

दुसरे दुःख जमिनीचे. ती पट्टी चिंचोळी आहे हे मी सांगितलेच. पावसाळ्यात उधाण आले की समुद्र किनारा खातो. मी लहान होते तेव्हा आमच्या अंगणापुढे माडांच्या तीन ओळी होत्या. आता एक आहे. माड पडतो तेव्हा एकदम पडत नाही. आधी मुळाखालची वाळू जाते, मुळे उघडी पडतात, मग तो हळूहळू समुद्राकडे कलतो आणि एका रात्री जातो. आईने हाताने पाणी घालून वाढवलेला एक माड असा गेला, त्या दिवशी ती जेवली नाही. मी हे तुम्हाला वाईट वाटावे म्हणून सांगत नाही. पण जे गाव पाहायचे ते असताना पाहावे, आणि आपल्या जाण्याने त्याला हातभार लागावा, असे मला वाटते.

म्हणून मंडळापुढे माझ्या काही सूचना आहेत. थंडीत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत जावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि समुद्र खवळलेला असतो, तेव्हा जाऊ नये. जेवण सांगताना "जे मिळेल ते करा" असे सांगावे. जेवणाचे पैसे जी बाई रांधते तिच्याच हातात द्यावे. येताना कोकमे, आगळ, तिरफळे, मालवणी मसाला आणि सुकी मासळी तिथल्या बायकांकडूनच घ्यावी. घासाघीस केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही हे मला माहीत आहे, मीही तुमच्यातलीच. पण कालवांचा वाटा घेताना त्या बाईच्या बोटांकडे एकदा बघावे आणि मग काय ते बोलावे.

आणखी एक. खाडी समुद्राला मिळते तिथे पाण्यात मुळीच उतरायचे नाही. वरून पाणी शांत दिसते, पण आत ओढ फार असते. पोहता येणाऱ्या गावातल्या मुलांनाही तिथे जाऊ देत नाहीत. समुद्रातही गावकरी दाखवतील तिथेच, घोट्याएवढ्या पाण्यात पाय भिजवावे. त्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालायला येतात. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघून पाण्याकडे जातात. उजेडाने ती बिथरतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या पाजळत आणि गाणी लावत फिरू नये. काम करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा तर आधी तिला विचारावे. आपल्या स्वयंपाकघरात शिरून कोणी न विचारता फोटो काढला तर आपल्याला चालेल का? आणि प्लास्टिकचा कचरा पिशवीत भरून आपल्या गाडीतून परत आणावा. जाळ्यातून जो कचरा निघतो, तो सगळा माणसांनीच टाकलेला असतो.

गेल्यावर काय करायचे असे कोणी पुन्हा विचारील. पहाटे उठून रापण बघायची, दोराला हात लावायचा. दुपारी जेवून माडाखाली चटई टाकून पडायचे, जे आपल्याला घरी कधी मिळत नाही. संध्याकाळी खाडीवर जायचे. रात्री वहिनीच्या अंगणात बसून आपण आपली भोंडल्याची गाणी म्हणू, त्या त्यांची फुगडीची गाणी म्हणतील. त्या बायका वर्षभर पाहुण्यांना वाढतात, पण त्यांच्याजवळ बसून बोलायला सहसा कोणी थांबत नाही. आपण एका मंडळाच्या बायका दुसऱ्या गावच्या बायकांकडे जातो आहोत असे समजून गेलो, तर त्यांनाही आनंद होईल.

सहलीचा निर्णय येत्या बैठकीत सगळ्यांच्या मताने व्हायचा आहे. कोणी दुसरे ठिकाण पसंत केले तर मी तिथेही आनंदाने येईन आणि डबाही घेईन. पण तळाशीलला जायचे ठरले तर वहिनीला पंधरा दिवस आधी कळवायला लागेल, म्हणजे ती तांदूळ भरडून शेवयांची तयारी करील.